आऱ्याचं दुसरं टोक

चर्चच्या आवारातलं मोठं झाड अर्धं कापून तसंच सोडलं होतं. कापायचं तर पुरतं कापावं, नाहीतर हात लावू नये. पण मंडळीला दोन्ही जमलं नाही. बुंध्यात गाभ्यापर्यंत खाच, खाचेच्या कडेला काळा डाग, आणि वर बघावं तर हिरवीगार पानं. उपासनेला येणारा प्रत्येक जण त्या डागाकडे बघायचा आणि बघितलंच नाही असं दाखवायचा. डाग धाकट्या सुताराच्या बोटांच्या रक्ताचा होता.

भांडण झाडावरून झालं होतं, निदान बोलायला तरी. झाडाची मुळं कबरींत शिरत होती. मिशाळच्या बापाच्या कबरीचा दगड मुळांनी उचलून तिरका केला, तेव्हा मिशाळ पंचांच्या बैठकीत उठून उभा राहिला आणि म्हणाला, झाड जाणार. त्याच्या मिशा जेवढ्या मोठ्या तेवढाच आवाजही, त्यामुळे अर्धी मंडळी लगेच त्याच्या बाजूला गेली. उरलेली अर्धी घंटाकाकाच्या मागे. घंटाकाका म्हणजे जन्मभर चर्चची घंटा वाजवून निम्मा बहिरा झालेला म्हातारा. त्याला दुसऱ्याचं ऐकू यायचं नाही आणि भांडणात ते त्याच्या पथ्यावरच पडायचं. झाड त्याच्या आजोबांनी लावलेलं. एवढंच असतं तर थोडे रविवार आरडाओरडा होऊन भागलं असतं. पण त्याच झाडाखाली धाकट्या सुताराची पोर पुरलेली होती. तापानं गेली, अजून नीट बोलायलाही लागली नव्हती. त्याची बायको, धाकटी, दर रविवारी उपासना संपली की त्या सावलीत जाऊन बसायची, आणि तिला तिथून उठवायला कुणी जायचं नाही.

झाड कापायचं काम मिशाळनं थोरल्या सुताराला दिलं. दुसरा होता कोण? मोठा आरा, दोघांनी ओढायची करवत, या दोन भावांच्याच घरात होता, बापाच्या वेळचा, माणसापेक्षा लांब, दोन्ही टोकांना लाकडी मुठी. बापानं दोघांना याच आऱ्यावर वाढवलं आणि एक गोष्ट डोक्यात पक्की बसवली: ढकलायचं नाही, ओढायचं. एकानं ओढलं की दुसऱ्यानं सैल सोडायचं, मग त्यानं ओढायचं. ढकललं की पातं वाकतं आणि अडकून बसतं. धाकट्यानं या कामाला यायला साफ नकार दिला, तेव्हा थोरल्यानं दुसऱ्या टोकाला आपल्या बायकोला उभं केलं. थोरली अंगानं दणकट. माणूस कमी पडलं की घरात आरा तीच ओढायची.

त्या दिवशीही तीच ओढत होती, भुसा जातो म्हणून डोळे मिटून. धाकटा धावत आला. त्यानं आरा थांबवायला बुंध्याच्या कडेला, आऱ्याच्या दात्यांच्या अगदी पुढ्यात, उजवा हात लावला. थोरल्यानं ते पाहिलं. सैल सोडायची पाळी त्याची होती. मूठ घट्ट धरली असती तर आरा जागच्या जागी थांबला असता, तेवढं मनगट त्याच्यात होतं. पण सकाळपासून भाऊ त्याला चारचौघांत मिशाळचा कुत्रा म्हणत होता आणि त्याचं डोकं तापलेलं होतं. त्यानं आरा सोडला. बायकोनं ओढला. धाकट्याची तर्जनी आणि मधलं बोट भुशात पडलं. थोरलीनं डोळे उघडले ते किंकाळी ऐकून, आणि ती किंकाळी धाकटीची होती. धाकटा नुसता हाताकडे बघत उभा राहिला होता.

भावानं भावाची बोटं कापली, असं सगळीकडे झालं. थोरलीचं नाव कुणी घेतलं नाही. आरा दोघांनी चालतो हे जणू लोक विसरलेच. ती मात्र विसरली नव्हती. भाजी चिरताना, कपडे पिळताना मधेच तिचे हात थांबायचे. नवऱ्याला तिनं एकदाच विचारलं, तुम्ही पाहिलं होतं का. तो हो म्हणाला. त्यानंतर आरा माळ्यावर गंजत पडला.

चर्चमध्येही गंजच धरला होता. उपासना व्हायची, पण प्रभुभोजन, पाव आणि द्राक्षरस वाटून घ्यायचा विधी, बंद पडलं. या मंडळीची रीत अशी की पाव आपला आपण तोडून घ्यायचा नाही. अख्खा पाव बाकाबाकांवरून फिरतो, शेजारी तोडून शेजाऱ्याच्या हातावर ठेवतो, मग तो पुढच्याच्या. आता मिशाळचे लोक उजव्या बाकांवर आणि घंटाकाकाचे डाव्या. पाळकांनी एकदा धीर करून पाव दिला, तर तो पहिल्याच बाकावर अडला. ज्याच्या हातात होता त्यानं तो मांडीवर ठेवला आणि खिडकीबाहेर बघत बसला. शेवटी पाळकबाई उठल्या, पाव उचलून पदराआड धरला आणि घरी घेऊन गेल्या.

मग वादळ आलं.

संध्याकाळी वारा सुटला आणि पाहता पाहता घरांवरचे पत्रे उडाले. झाड जिथे कापलं होतं तिथेच मोडलं. एवढं धूड चर्चच्या उजव्या अंगावर आडवं झालं, छपराचं आढं मधोमध तुटलं, कौलं आणि वासे खाली बाकांवर कोसळले. सकाळी लोक जमले तेव्हा चर्चच्या आत फांद्या होत्या आणि पानांवरचं पाणी वेदीवर ठिबकत होतं. भिंती मातीच्या, वरून नुसता चुना. वर छप्पर नसेल तर पुढच्या पावसात त्या विरघळून बसणार, आणि भिंती बसल्या की ही मंडळी संपली, हे पाळकांनी न सांगताही सगळ्यांना कळत होतं. पुन्हा बांधायला या लोकांना एकत्र कोण आणणार होतं?

थोरला कुणी उठायच्या आधीच तिथे गेला होता. चर्चकडे त्यानं पाहिलंही नाही. एका फांदीनं पोरीच्या कबरीवरचा लाकडी क्रूस मुळापासून मोडला होता, तो त्यानंच घडवलेला, भांडणाच्या आधी. गुडघे टेकून तो हातानं चिखल उकरत होता. क्रूसाचा उरलेला तुकडा त्यानं उभा केला, बुडाशी दगड दाबले. तेवढ्यात मागून धाकटा आला. त्याच्या हातात फावडं होतं. कबर नीट करायलाच आला असणार. पण भावाचे हात आपल्या पोरीच्या मातीत बघून त्यानं फावड्याचा दांडा उलटा धरला.

पहिला घाव पाठीवर बसला. थोरला पुढे झुकला, पण त्यानं क्रूस सोडला नाही. दुसरा बरगड्यांवर, तिसरा खांद्यावर. दोन बोटं गेलेल्या हातात दांडा नीट बसत नव्हता, निसटत होता, म्हणून धाकट्यानं तो टाकून दिला आणि लाथांनी सुरुवात केली. त्याचा श्वास लोहाराच्या भात्यासारखा चालला होता. थोरल्याचा एक दात गेला, ओठ फाटला, आणि तोंडातलं रक्त चिखलात पडत राहिलं. त्यानं हात वर केला नाही. त्यामुळेच धाकटा जास्त चिडला, असं धाकटीनं नंतर सांगितलं. तिनं मागून मिठी मारून त्याला ओढलं तेव्हा तो थांबला.

थोरलीनं नवऱ्याला लाकडं वाहायच्या हातगाडीवर घालून घरी नेलं. वाटेत मिशाळ भेटला. बदला घेऊ म्हणाला. तिनं त्याला बाजूला हो म्हटलं. तो हलला नाही तेव्हा तिनं गाडीचं चाक त्याच्या पायावरून नेलं आणि मागे वळूनही पाहिलं नाही.

रविवारी दोन्ही बाजू चर्चमध्ये आल्या. उपासनेला नाही, भांडायला. उघड्या छपराखाली, पडलेल्या फांद्यांच्या अलीकडे-पलीकडे. मिशाळ म्हणत होता, तुम्ही मधे आला नसता तर झाड नीट कापून झालं असतं. घंटाकाका म्हणत होता, तुम्ही आरा लावला नसता तर झाड आणखी शंभर वर्षं उभं राहिलं असतं. दोघांचंही खरं होतं, आणि नेमकं त्यामुळेच कुणी ऐकेना. कुणीतरी मोडलेल्या बाकाचा पाय उचलला. मग सगळ्यांच्याच हातांत काही ना काही आलं. ज्यांनी एकमेकांच्या लग्नांत ताटं वाढली होती ती माणसं एकमेकांचे केस धरून डोकी भिंतीवर आपटत होती. बायका सुटल्या नाहीत. घंटाकाकाची काठी त्याच्याच पाठीत मोडली. पाळक दोन्ही हात वर करून मधे शिरले, किरकोळ अंगाचा माणूस, कुणाला दिसलेही नसतील. एक कौल त्यांच्या कपाळावर बसलं. ते वेदीवर पडले आणि त्यांच्यासोबत प्रभुभोजनाचा प्याला खाली पडून चेपला.

पांढऱ्या झग्यावर रक्त उतरलं तेव्हा हात थांबले. लाज वाटली असं म्हणवत नाही, लोक घाबरले. कौल कुणी मारलं ते कधीच कळलं नाही, आणि त्या दिवसापासून प्रत्येकाला वाटू लागलं की आपणच मारलं असेल. पाळकांना उचलून नेताना पहिल्यांदाच दोन्ही बाजूंचे खांदे एका खाटेखाली लागले.

पाळक हिंडूफिरू लागले तशी त्यांनी आढ्याची चौकशी सुरू केली. एवढं लांब लाकूड कुठेच मिळेना. लाकडाच्या गिरणीची गाडी यायची तर वाटेतला पूल वाहून गेलेला. आढ्याजोगं लाकूड एकच होतं, आणि ते चर्चवर आडवं पडलं होतं. ते जागीच कापायचं, चौरस करायचं आणि चढवायचं. म्हणजे मोठा आरा. म्हणजे दोघे भाऊ. फांद्या तोडून लोकांनी खोड कसंबसं आवारात ओढून आणलं, दोन जाड ओंडक्यांवर ठेवलं, आणि पुढचं काम पाळकांवर सोपवून सगळे घरी गेले.

पाळक कपाळाला पट्टी बांधून धाकट्याकडे गेले. तो हल्ली चुन्याच्या भट्टीवर पोती वाहायचा. सुतारकामाला हात उरला नव्हता. त्यानं सगळं ऐकून घेतलं. चर्च उभं राहावं असं त्यालाही वाटत होतं. पोरीची कबर दुसरीकडे थोडीच नेता येणार होती. मग तो म्हणाला, "येतो. पण आधी त्यानं हात ठेवायचा. मी ठेवला होता तिथेच, दात्यांसमोर. सगळ्या मंडळीदेखत."

पाळकांना उलगडायला क्षणभर लागला. मग त्यांनी त्याला समजवायला हवं होतं, रागवायला हवं होतं. त्यांचं कामच ते. पण ते फार थकले होते. त्यांनी निरोप तसाच थोरल्याच्या घरी नेला, आणि सांगताना त्यांची मान वर होईना.

थोरला खाटेवर बसून ऐकत होता, बरगड्यांना चादरीची पट्टी आवळलेली. बरं, म्हणाला. थोरली म्हणाली, तुम्ही हात दिलात तर आढं कापणार कोण? त्यावर त्याचं म्हणणं असं की कापेल कुणीतरी, पण भाऊ पाव घ्यायला येईल. एवढा वेळ तो कधी बोलत नसे. बोलून झाल्यावर तो माळ्यावरचा आरा काढून कानस घेऊन बसला आणि एकेका दात्याला धार लावू लागला. स्वतःच्याच हातासाठी माणूस पातं परजतोय हे बघणं थोरलीला सोसेना. ती उठून परसात गेली आणि तिथे उभ्यानं रडली.

ठरल्या सकाळी आवार भरलं. उजवे उजवीकडे, डावे डावीकडे, मधे खोड. धाकटा आला. थोरला पुढे झाला, बाही वर केली आणि खोडाच्या कडेला, जिथे खूण केली होती तिथे, उजवा हात उताणा ठेवला. नंतर काय वाटलं कुणास ठाऊक, तो पालथा केला. धाकट्यानं आऱ्याची एक मूठ धरली आणि पातं खोडावर टेकवलं. दाते भावाच्या बोटांना लागून होते.

"दुसरं टोक कोण धरतंय?" धाकट्यानं विचारलं.

आणि लोक पुढे आले, सांगायला वाईट वाटतं, पण आले. घंटाकाकाच्या बाजूचे दोन दांडगे गडी हात चोळत आले. मिशाळचे लोक ओरडले, पण त्यांतला एकही थोरल्याचा हात काढायला गेला नाही. पाळक गुडघ्यांवर बसले होते आणि त्यांचे ओठ हलत होते. थोरली त्या दोन गड्यांच्या मधून घुसली, एकाच्या छातीवर कोपर मारून त्याला मागे लोटलं, आणि दुसरी मूठ धरली.

"भावोजी, त्या दिवशी हे टोक माझ्याकडे होतं," ती म्हणाली. "आजही माझ्याकडेच राहील. ओढा."

धाकटा तिच्याकडे बघत राहिला. त्याला हे माहीत होतं; मंडळी विसरली तरी तो विसरला नव्हता. मग त्यानं दात खाऊन आरा ओढला.

आरा हलला नाही. थोरलीनं तो सोडला नव्हता. तिनं टाचा मातीत रोवल्या होत्या आणि मूठ पोटाशी दाबून धरली होती. धाकट्यानं दुसरा झटका दिला. पातं इंचभर सरकलं, थोरल्याच्या बोटांवरची कातडी फाटली आणि रक्त खोडाच्या सालीवरून खाली आलं. थोरल्यानं हात हलवला नाही, डोळे मिटले फक्त. धाकट्यानं तिसऱ्यांदा अंगातला सगळा जोर लावला. थोरली गुडघ्यांवर आली, फरफटत खोडाला जाऊन आपटली, कपाळ फुटलं, पण मूठ सुटली नाही.

"सोड, वहिनी."

"नाही."

"एकानं ओढलं की दुसऱ्यानं सोडायचं असतं. बापानं हेच शिकवलं." त्याचा आवाज फाटला. "यानं सोडला होता. बघत होता आणि सोडला."

"म्हणून तर धरलाय," थोरली म्हणाली. "तेव्हा त्यांनी धरायला हवा होता. मी डोळे उघडे ठेवायला हवे होते. दोघांचं चुकलं, भावोजी. आता मी बघतेय, आणि मी सोडणार नाही. रात्र झाली तरी नाही."

धाकट्यानं आणखी एकदा ओढलं, पण त्या ओढण्यात जोर नव्हता. निम्म्या हातातून मूठ निसटली. तो खाली बसला, कपाळ खोडाला टेकवलं आणि गुरासारखा हंबरून रडला. पोर गेली तेव्हाही तो असा रडला नव्हता. घंटाकाकालाही ते रडणं ऐकू गेलं असावं, कारण म्हाताऱ्यानं डोक्यावरची टोपी काढली.

बऱ्याच वेळानं धाकट्यानं तोंड पुसलं. भावाचा हात अजून तिथेच होता.

"हात काढ," तो म्हणाला. "लाकडाला रक्त लागतंय."

त्याच दिवशी त्यांनी कापायला घेतलं. थोरलीनं आपलं टोक नवऱ्याच्या हातात दिलं आणि कपाळ धुवायला गेली. सुरुवात वाईट झाली. थोरल्याच्या बरगड्या प्रत्येक ओढीला कळ मारत आणि धाकट्याची मूठ निसटे. एकदा निसटली, मग पुन्हा, आणि पुन्हा निसटली तेव्हा त्यानं आऱ्याला शिवी हासडली. थोरल्यानं आपल्या बरगड्यांची पट्टी सोडली, तिचा तुकडा फाडला आणि भावाचा हात मुठीला बांधायला घेतला. बांधायचं तर बोटांच्या थोटकांना हात लावणं आलं. त्यानं तो लावला. कातडी तिथे पातळ आणि गुलाबी होती, थंडीत दुखत असणार. धाकट्याचा हात ताठ झाला, पण त्यानं तो मागे घेतला नाही. गाठ मारून झाल्यावर तो भावाकडे न बघता म्हणाला, "मी माफबिफ केलेलं नाही. विचारू नकोस."

"विचारत नाही," थोरला म्हणाला.

मग रोज सकाळी तो आधी भावाचा हात बांधायचा आणि संध्याकाळी सोडायचा. बोलणं कामापुरतं. पाचर दे, पाणी मार, जरा सावकाश. पण आरा एकदा लयीत आला की दोघांचे खांदे आपोआप एकमेकांना वाट देत, बापाच्या वेळी देत तसे, आणि ते बघायला लोक काम सोडून कुंपणाशी थांबत. बघता बघता काही जण आत आले. कुणी भुसा उचलला, कुणी वासे तासले. मिशाळ लंगडत कौलं घेऊन आला आणि ती उतरवून घ्यायला नेमका घंटाकाका पुढे झाला. शिव्या दोघांनी दिल्या, पण कौलं खाली पडू दिली नाहीत. सगळेच आले असं नाही. काही घरं दुसरीकडच्या चर्चला जाऊ लागली ती परतली नाहीत. चेपलेला प्याला पाळकांनी ठोकून सरळ करायचा प्रयत्न केला आणि तो आणखी वाकडा झाला.

आढं चढलं त्या रविवारी छपराला कौलं निम्मीच होती. उजव्या अंगाला अजून आभाळ दिसत होतं आणि तिकडचे बाक तर सरपणात गेले होते. त्यामुळे बसायला डावीच बाजू उरली. मिशाळचे आणि घंटाकाकाचे लोक मांडीला मांडी लावून कसेबसे कोंबले गेले; जागा नव्हती म्हणून, प्रेमानं नव्हे, पण बसले. कुणाचा हात गळ्यात बांधलेला, कुणाच्या डोक्याला टाके. पाळकांनी कपाळावरचा वण झाकला नव्हता. उपदेश त्यांनी छोटा केला. ते म्हणाले, निरोप नेला तेव्हा मी पाळक नव्हतो, भित्रा माणूस होतो; मंडळीनं माझ्यासाठी प्रार्थना करावी. पाळकानं असं म्हणायचं असतं हे कुणाला माहीत नव्हतं. लोकांना काय करावं ते कळेना, मग त्यांनी खरोखरच प्रार्थना केली.

मग पाव निघाला. पाळकबाईंनी भाजलेला, एकच, बाहेरून कडक. तो पहिल्या बाकावर आला. पहिल्यानं तोडला, दुसऱ्याच्या हातावर ठेवला. तो पुढे सरकत राहिला. मिशाळनं घंटाकाकाला जरा मोठाच तुकडा दिला आणि म्हातारा तो तोंडात मावेना म्हणून पुटपुटला. धाकटीनं थोरलीला दिला, थोरलीनं धाकट्याला. थोरलीच्या कपाळावरची खपली अजून ओली होती. धाकट्यानं आपला घास खाल्ला आणि उरलेला पाव हातात घेतला. त्याच्या शेजारी भाऊ होता.

पाव कडक होता आणि हात निम्मा. त्यानं एकदा मोडायचा प्रयत्न केला, बोटं घसरली. दुसऱ्यांदा घसरली. मागच्या बाकावरून कुणीतरी मदतीला हात पुढे केला, तो थोरलीनं खाली दाबला. धाकट्यानं पाव भावासमोर धरला.

"धर," तो म्हणाला. "ढकलू नकोस. ओढ."

थोरल्यानं दुसरं टोक धरलं. दोघांनी ओढलं आणि पाव मधोमध नव्हे, वाकडातिकडा फाटला. धाकट्यानं आपल्याकडचा तुकडा भावाच्या हातावर ठेवला. दात पडला होता म्हणून थोरल्याला तो चावायला वेळ लागला, आणि तोवर धाकटा त्याच्याकडे बघत थांबला.